पान चौदा

क्लाक्सविकच्या धक्क्यावर, वर्कशॉपच्या माडीवर माझं टेबल.
खाली ते विंच जुळवतात, वर मी त्यांची पुस्तकं लिहिते.
खिडकीतून समुद्र दिसतो. नाही दिसला तर धुकं.

या खेपेचा प्रश्न: पहिल्या प्रकरणात काय घालायचं?
नाव आहे 'पार्श्वभूमी'. नाव मालकांनी दिलंय.

मालकांना, म्हणजे यॉग्वनला, आजोबा हवेत,
त्यांनी वल्ह्याच्या होडीवर बसवलेला पहिला लाकडी रहाट हवा,
आणि फोटो.
बार्दुरला, ज्याने विंच आखला,
तेलाच्या दाबाची दोन समीकरणं हवीत
आणि एक आलेख, ज्याच्याकडे तो
लेकराच्या प्रगतिपुस्तकाकडे पाहावं तसा पाहतो.
मी म्हटलं, हे नमनालाच घडाभर तेल झालं.
ते म्हणाले, यंत्र तेलाचंच तर आहे.

पण मला वाचणारा दिसतो, आणि तो खुर्चीत बसलेला नसतो.
रात्रीचे तीन. डेक तिरकं. मोजे ओले,
पान त्याहून ओलं.
त्याला कुणाचे आजोबा कशाला?

म्हणून खोडत गेले मी. आजोबा, समीकरणं, आलेख,
'सर्वसाधारणपणे', 'लक्षात घेण्याजोगं'.
उरलं ते असं:

पंप बंद करा.
झडप उघडा.
काटा शून्यावर येईपर्यंत थांबा.
झाकण काढा.

मांस निघून गेलेल्या माशासारखं, नुसता काटा.
मला फार आवडलं होतं ते.

मग होग्नी आला, सील विकत घ्यायला.
मार्चपासून त्याच्या उजव्या हाताला तीनच बोटं.
विचारू नये ते मी विचारलं:
पान चौदा वाचलं नव्हतंस?

'वाचलं होतं की. पंप बंद होता. सगळं गप्प होतं.
आणि थांबा काय, तुम्ही सगळीकडेच लिहिता.
कॉफीच्या यंत्रावरसुद्धा.'

रागावला नव्हता. पैसे मोजताना नाणी सांडली,
मी टेबलाखाली वाकले गोळा करायला
आणि नाणी संपल्यावरही तिथेच राहिले थोडा वेळ.
त्याच्या बोटीवरची आवृत्ती माझीच होती.

त्या रात्री लिहिलं:
'पंप थांबला तरी यंत्र थांबत नाही.
डावीकडच्या काळ्या बाटलीत दाब साठून असतो
आणि तुमच्या हाताची वाट पाहतो.'
बार्दुरने शेवटची ओळ खोडली.
दाब कुणाची वाट पाहत नाही, म्हणाला.
खरं होतं. मी लिहिलं, 'तो झाकण फेकू शकतो.'
त्यावर तो काही बोलला नाही.

आणि हे पहिल्या प्रकरणात नाही.
झडपेच्या ओळीला खेटून, पान चौदावर.
कारण आज्ञेपासून हाकेच्या अंतरावर हवं,
नाहीतर वाऱ्यात ऐकू येत नाही.

पार्श्वभूमी हे प्रकरणच गेलं.
यॉग्वन दोन दिवस फुगून बसला.
तिसऱ्या दिवशी फोटो घेऊन वर आला.
'हे बघ, आजोबा एकाच बाजूने बघतात.
दुसऱ्या बाजूला हनुवटी फुटलेली होती.
रहाटाचा दांडा उलटा फिरला.
त्यांनी सोडला नव्हता, निसटला होता.'

हे आधी का नाही सांगितलंस?
'इतिहासात असलं कोण घालतं?'

छपाईला सगळं गेलेलं होतं तोवर.
फोटो मागच्या कव्हरच्या आत आहे,
पोस्टाच्या तिकिटाहून थोडा मोठा, खाली फक्त साल.

उन्हाळ्यात एका बोटीवर गेले होते.
सुकाणूच्या खोलीत, खिळ्याला, प्लास्टिकच्या पिशवीत
आमचं पुस्तक लटकत होतं.
पहिली पानं एकमेकांना चिकटलेली, कोरी करकरीत.
चौदाव्यावर ग्रीसचा अंगठा.
वाचल्याचा असेल,
किंवा नुसता उघडल्याचा.
कप्तान खाली होता. मी पिशवी पुन्हा खिळ्याला लावली.